ह्यांचं झोपेतलं पळणं

आमच्या ह्यांचं हाड या खेपेला स्वप्नात मोडलं. पडले नाहीत, घसरले नाहीत, कुणाचा धक्का लागला नाही. अंथरुणावर स्वस्थ झोपले होते आणि झोपेत पळता पळता मांडीचं हाड काडकन गेलं. दवाखान्यात नोंद करणाऱ्या मुलीने विचारलं, “कसं झालं?” मी म्हटलं, “पळत होते.” तिने स्ट्रेचरवरच्या एवढ्याशा माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. मला अशा वेळी राग येतो. खरं सांगितलं तर लोकांना पटत नाही आणि खोटं सांगायला मला जमत नाही.

ह्यांची हाडं जन्मापासून ठिसूळ. जगात येतानाच एक हात मोडून आले, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. पुढे शिंकेने बरगडी गेली, दाराच्या कडीने मनगट गेलं, एकदा तर कुणीतरी कौतुकाने खांद्यावर थाप मारली आणि गळ्याजवळचं हाड गेलं. उंची माझ्या कमरेच्या जरा वर. डोळ्यांचा पांढरा भाग फिकट निळा, पहाटे उजाडायच्या आधी आकाश असतं तसा. ऐकू कमी येतं, म्हणून कानात यंत्र. ते झोपताना काढून ठेवतात. घरात चाकाची खुर्ची, आणि ह्यांना हात लावायच्या आधी प्रत्येकाने “आले हं” असं म्हणायचा नियम. परका माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा दाराकडे बघायला लागतो, कोण आलं म्हणून.

आमचं बूट दुरुस्तीचं दुकान आहे. चढाच्या गल्लीत, पुढे दुकान आणि मागे राहायची खोली. ह्यांचं काम करायचं टेबल बुटकं, खुर्चीला बेतून केलेलं. सुई, दाभण, डिंक, तळ कापायची सुरी ह्यांच्याकडे. हातोडा माझ्याकडे, कारण ठोक्याचा हादरा ह्यांच्या मनगटाला सोसत नाही. मी ठोकते तेव्हा हे यंत्र बंद करतात. म्हणतात, “तू बोलायला लागलीस की तेव्हाही बंद करावंसं वाटतं.” असे आमचे हे.

लग्न कसं झालं ते सांगते, कारण सगळे आडून आडून तेच विचारत असतात. मी टाच निघालेला बूट घेऊन ह्यांच्या दुकानात गेले होते. ह्यांनी बूट उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “तुम्ही रागात चालता.” मी म्हटलं, “मी कशी का चालेना, तुम्ही टाच बसवा.” बसवली. घरी जाऊन मी रात्रभर धुमसले, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बुटाची टाच स्वतःच्या हाताने उचकटून परत गेले. ह्यांनी ती पाहिली, हसले नाहीत, फक्त माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. आई म्हणाली होती, “अगं, काचेच्या भांड्याशी संसार करणार आहेस का?” मी म्हटलं, “निदान आपटणार तरी नाही कुणी माझ्या घरात.”

आता पळण्याचं सांगते. हे आयुष्यात कधी पळाले नाहीत. लहानपणी चार पावलं भिंतीला धरून चालले असतील तेवढंच. पण झोपेत पळतात. आणि स्वतःच्या पायांनी नाही. दिवसा ज्याचे बूट हाताखालून गेले असतील, त्याची चाल रात्री ह्यांच्या पायात येते. सकाळी चहा ओतताना मी विचारायची, “आज कुणाचे?” हे कप दोन्ही हातांत धरून आधी वाफ तोंडावर घ्यायचे आणि मग सांगायचे. आज पावाच्या भट्टीतल्या माणसाचे. पीठ लागलेले, जड, टाचा बाहेरून झिजलेले. त्या बुटांनी पळताना हात आपोआप बाजूला उघडतात, परात धरल्यासारखे. आज त्या नाच शिकणाऱ्या मुलीचे, जमीन लागतच नव्हती गं, मीच मधूनमधून लावत होतो.

मी भाजी निवडत ऐकत असे. ह्यांच्या स्वप्नातली गल्ली आमचीच, पण संपत नाही. चढ चढतो आणि वर गेल्यावर पुन्हा चढच असतो, तरी दम लागत नाही. खिडक्या उघड्या असतात, आत दिवे असतात, कुणीतरी भांडी घासत असतं. रस्ता पायाखालून ऊबदार वाटतो, नुकती इस्त्री फिरवलेल्या कापडासारखा. कानात यंत्र नसतं आणि तरी सगळं ऐकू येतं, स्वतःच्या पावलांचा आवाजसुद्धा. एकदा मी विचारलं, “तुम्हाला सगळ्यात काय आवडतं तिथलं?” ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “तिथे मागून कुणी ‘जपून’ म्हणत नाही.” मी भाजी निवडत राहिले, पण ते वाक्य दिवसभर माझ्या मागे मागे फिरलं.

तर असं पळता पळता मांडी गेली. दवाखान्यात बरेच दिवस काढले. हाडाच्या आत आधाराला सळई घातली. तिथे एक मुलगी यायची, हा आजार असलेल्या मोठ्या माणसांचं आयुष्य कसं चाललंय याची पाहणी करत होती. गोड होती बिचारी. जिना चढता येतो का? नाही. ओझं उचलता का? “बायको उचलते,” हे म्हणाले, “मलासुद्धा.” मग तिने विचारलं, “पळता येतं का?” आणि आमचे हे शांतपणे म्हणाले, “हो.”

“अहो!” मी म्हटलं.

“रोज,” हे म्हणाले. “सध्या जरा बंद आहे.”

मुलगी पेनाचं टोक चावत बसली. तिच्या कागदावरच्या चौकोनांत हे उत्तर कुठे बसत नव्हतं. मी तिला म्हटलं, “बाळ, तू पुढचं विचार.”

हाडांच्या डॉक्टरीण बाई मात्र पळण्याचं ऐकून हसल्या नाहीत. त्या भल्या बाई आहेत, खुर्ची ओढून ह्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसतात, हे सगळ्यांना सुचत नाही. म्हणाल्या, “काही माणसांचं शरीर स्वप्नात स्वस्थ पडत नाही, जे दिसतं ते करायला जातं. दुसऱ्या कुणाचा पाय फार तर गादीवर आपटेल. तुमचा मोडतो. पुन्हा याच जागी मोडलं तर सळई धरायला हाड उरणार नाही. मग बसणंही कठीण होईल.” बसणं कठीण म्हणजे काम बंद, म्हणजे उरलेलं आयुष्य छताकडे बघत. त्यांनी झोपताना घ्यायची एक गोळी लिहून दिली. ह्यांनी विचारलं, “स्वप्नं पडणार नाहीत?”

“पडली तरी बहुतेक आठवणार नाहीत. पाय शांत राहतील.”

“म्हणजे नाहीतच,” हे म्हणाले.

ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद, तिथेच उभी होती. तिच्या कडेवर हे वाढलेत. आईपेक्षा तिने जास्त जपलंय ह्यांना, आणि तोंड माझ्यापेक्षा तिखट, म्हणजे बघा. ती म्हणाली, “स्वप्नं काय चाटायची आहेत? गोळी घ्यायची आणि गप पडायचं.” मी तिच्याच बाजूने होते. ते काडकन झालेलं मी ऐकलं होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी स्वतःच्या हाताने रोज गोळी द्यायला लागले, आणि ह्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

पाय शांत झाले. दगडासारखे झोपायचे. मी पहिल्यांदाच निवांत झोपले. सकाळी चहा ओतला आणि सवयीने विचारलं, “आज कुणाचे?” हे म्हणाले, “कुणाचेच नाही.” दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी विचारायचं सोडून दिलं. हे दुकानात बसायचे, शिवायचे, लोकांशी नीट बोलायचे. इतके नीट की मला कसंतरीच व्हायचं. मी ठोकायला लागले तरी यंत्र बंद करायचं राहून जायचं. माझी थट्टा करायचीही राहून जायची. नणंद म्हणाली, “बघ, कसा शहाण्यासारखा राहतोय.” मी म्हटलं, “ताई, तुमचा भाऊ कधी शहाण्यासारखा राहिलेला मी पाहिलेला नाही. मला भीती वाटते.”

मग टपालवाल्या काकूंचं झालं. त्या आमच्या गल्लीत टपाल वाटतात, उतारवयाच्या, शिडशिडीत, चालणं भरभर. त्यांचे बूट ह्यांनी नवा तळ लावून दिले होते. देखणे झाले होते, मीच पुसून दिले. दोनेक दिवसांनी काकू भिंतीला धरत धरत दुकानात आल्या, थैली खाली ठेवली आणि बूट काढून टेबलावर आपटले.

“हे कुणाचे बूट दिलेत मला?”

“तुमचेच आहेत, काकू,” मी म्हटलं.

“माझे असते तर पायाला कळलं असतं. कंबर धरलीये माझी. इतकी वर्षं तुमच्याकडे येते, असं कधी झालं नाही.”

ह्यांनी दोन्ही बूट उलटे करून शेजारी ठेवले. दोन्ही तळ अगदी सारखे. आणि तीच चूक होती. काकूंचा उजवा पाय डाव्यापेक्षा कणभर आखूड आहे. ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, बहुतेक त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. हे दर वेळी उजवा तळ जरासा जाड ठेवायचे, मोजमाप न घेता. या वेळी तो ठेवला नव्हता. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “बसा काकू, आत्ता करून देतो,” म्हणाले, आणि खाली मान घालून तळ सोडवायला लागले.

काकू गेल्यावर मी दार लोटलं. हे सुरी हातात धरून तसेच बसले होते.

“मी त्यांचे बूट घालून कितीदा तरी पळलोय,” हे म्हणाले. “चढाला त्या उजवीकडे झुकतात, थैली त्याच खांद्यावर घेतात. मला ते डोक्याने माहीत नव्हतं. पायात होतं. आता बूट हातात घेतला की चामडं दिसतं. त्यातला माणूस दिसत नाही.” सुरी खाली ठेवून म्हणाले, “मला गोळी नको.”

“नको म्हणजे?”

“नको म्हणजे नको. हाडं माझी आहेत गं.”

“आणि नवरा माझा आहे!” मी ओरडले. “तुम्ही पळणार, तुम्ही मोडणार, आणि मी काय करायचं? उशाशी बसून वाट बघायची, कधी काडकन वाजतंय त्याची?”

मी हातोडा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. राग आला की माझ्या हातांना काहीतरी लागतं.

“मला भीती वाटते हो,” मी शेवटी म्हटलं, आणि रडूच कोसळलं.

“मलाही वाटते,” हे म्हणाले. “तुला काय वाटलं, मला सवय झालीये? दर वेळी तितकंच दुखतं. पण जन्मभर मला सगळ्यांनी जपलं. आईने, ताईने, तू. मी कधी नाही म्हटलं नाही, तुमचं प्रेम दिसतं मला. दिवसभर मी तुम्हा सगळ्यांचा असतो. तेवढं एकच ठिकाण होतं जिथे मी मलाच सापडायचो. तिथे जाऊ दे मला.”

डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्या खूश नव्हत्या, पण म्हणाल्या, “निर्णय त्यांचा आहे. गोळी एकदम तोडू नका, सांगते तशी हळूहळू कमी करा. पाय बांधा. आणि हालचाल सुरू झाली की उठवा, लगेच.” मी म्हटलं, “उठवते, बाई. शपथेवर.” नणंदेला कळलं तेव्हा तिने आम्हा दोघांशीही बोलणं टाकलं, आणि रोज येऊन न बोलता बसायला लागली.

ह्यांनी स्वतःसाठी झोपायचा बूट शिवला. कमरेपासून घोट्यापर्यंत, आतून लोकरीचा जाड नमदा, बाहेरून मऊ चामडं, कडेने नाड्या. पाहून डॉक्टरीण बाईसुद्धा खूश होतील असा. फक्त पावलं मोकळी ठेवली. मी म्हटलं, “बोटं का उघडी?” हे म्हणाले, “बोटं कोंबून कुणी पळतं का?” मी पलंगाच्या लाकडाला चारी बाजूंनी गोधड्या गुंडाळल्या, आणि जागी राहायला लागले.

यंत्र काढल्यावर ह्यांना हाक ऐकू जात नाही. हलवलं तर दचकतात, आणि दचकणं ह्यांना परवडणारं नाही. म्हणून छातीवर तळवा टेकवायचा आणि हलकेच दाबत राहायचं, डोळे उघडेपर्यंत. गोळी सुटली, स्वप्नं परत आली. पावलांची बोटं जरा हलली की मी तळवा टेकवायची. हे डोळे उघडायचे, माझ्याकडे बघायचे, आणि म्हणायचे, “दारापर्यंत आलो होतो.” कधी म्हणायचे, “नाडी बांधत होतो.” फार झालं तर, “कोपऱ्यापर्यंत गेलो.” मग मान वळवून पुन्हा झोपायचे. एकदाही चिडले नाहीत. “तुझंही बरोबर आहे,” म्हणायचे. त्याचाच मला जास्त राग यायचा. चहा पुन्हा मुका झाला. मला कळत होतं काय झालंय ते. गोळी बंद झाली होती, आणि तिच्या जागी मी बसले होते.

दुकान बंद असण्याचा दिवस होता. जेवणं झाली. नणंद येऊन, न बोलता जेवून, न बोलता माझ्या हातचं चांगलं झालंय असं तोंड करून गेली. दुपार अशी होती की गल्लीत कुणी नव्हतं. खिडकीतून ऊन आत येऊन फरशीवर पडलं होतं आणि सरकत सरकत पलंगाच्या पायाशी आलं होतं. कुठेतरी नळ टपटपत होता. हे आडवे झाले, मी बुटाच्या नाड्या बांधल्या, “आले हं” म्हणून पांघरूण सारखं केलं आणि शेजारी खुर्चीत बसले. माझेही डोळे मिटत होते.

उन्हात ह्यांच्या पावलांची बोटं हलली. आधी उजवी, मग डावी. मी तळवा उचलला, छातीवर नेला. आणि चेहरा पाहिला.

ह्यांचा चेहरा मी दुखण्यात पाहिलाय, थट्टेत पाहिलाय, लग्नाच्या दिवशी पाहिलाय. असा नव्हता पाहिला. भुवया मोकळ्या, ओठ जरा विलग. वारा लागावा तशा हलणाऱ्या पापण्या. आत कुणीतरी दार उघडत होतं. माझा हात छातीच्या वर तसाच राहिला. टेकवला असता तर तो चेहरा पुसला गेला असता, आणि मला “दारापर्यंत” ऐकायला मिळालं असतं, मवाळ आवाजात, आणि हाडं सगळी शाबूत राहिली असती. मला ते हाड पुन्हा मोडायला नको होतं. देवाशप्पथ नको होतं. मांडी गेली तर काय होणार ते मला पाठ होतं.

मी तो टेकवला नाही.

पावलं पळायला लागली. बुटाच्या आत पोटऱ्या आवळल्या जात होत्या आणि सुटत होत्या, एकीमागून एक, आधी हळू, मग लयीत. मी दोन्ही हात पलंगाच्या कडेला घट्ट धरून बसले आणि खोली माझ्या डोळ्यांसमोर सैल व्हायला लागली. भिंती लांब गेल्या. ऊन रस्त्यासारखं पसरलं. कुणाचे बूट होते कोण जाणे, पण चाल मोठी होती, उतारावरून सुटलेल्या माणसाची. ह्यांचा श्वास भरभर चालला होता. मग हे हसले, झोपेत, मोठ्याने, घोगरं, असं हसणं मी दिवसा कधी ऐकलेलं नाही. माझाही श्वास त्यांच्याबरोबर धावत होता. मला वाटत होतं, जा, जा हो, अजून जा. आणि त्याच वेळी मनात दुसरं चालू होतं, पुरे आता, थांबा, माझा जीव जातोय.

शेवटच्या झेपेला डावं पाऊल, बुटाच्या बाहेर मोकळं होतं तेवढं, गोधडीवर आदळलं. गोधडीच्या आत लाकूड होतंच. बारीक आवाज झाला, काडी मोडावी तेवढा.

मी उडी मारून पायाशी गेले. मांडी चाचपली, नडगी चाचपली, नाड्यांवरून हात फिरवला. सगळं जागच्या जागी. करंगळी तेवढी वाकडी झाली होती. जीव भांड्यात पडला. ह्यांनी डोळे उघडले. डोळ्यांत पाणी आलं, दुखत होतं ते दिसत होतं, दात ओठांवर रुतले होते. श्वास अजून धावत होता. कपाळावर घाम होता. हे पायाकडे बघेनात, माझ्याकडेच बघत राहिले. मी रडत होते, आणि ह्यांना समजलं की मी आत्ता जागी झालेले नाही, सगळा वेळ इथेच होते.

“उठवलं नाहीस,” हे म्हणाले.

“नाही उठवलं,” मी म्हटलं, यंत्राशिवाय ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “आता हलू नका, पट्टी आणते.”